अंडे वगळले, पण त्याचे काम कोण करणार?

अकलूज, पंढरपूर किंवा सोलापूरच्या बाजारपेठेतून एक फेरी मारा. केकच्या दुकानावर 'एगलेस', म्हणजे बिनअंड्याचे, अशी पाटी तुम्हाला कोठे ना कोठे दिसेलच. ही पाटी वाचून दोन प्रकारची माणसे निश्चिंत होतात. ज्यांच्या घरी अंडे खात नाहीत ती पहिली. आणि 'अंडे नाही ना, मग बाधायची भीती नाही,' असे समजणारी दुसरी. पहिल्यांचे समाधान रास्त आहे. दुसऱ्यांचे मात्र रास्त नाही. अंडे वगळल्याने पदार्थ आपोआप निर्धोक होत नाही. शिवाय कोणतीही वस्तू वगळायची, तर ती तेथे काय काम करत होती हे आधी ओळखावे लागते. या दोन गोष्टी तुम्हाला पटवून देण्यासाठी मी एका इटालियन पक्वान्नाचे उदाहरण घेणार आहे. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाने स्वयंपाकघरात का डोकवावे, असे तुम्ही विचाराल. लेख वाचून झाल्यावर त्याचे उत्तर तुम्हीच द्या.

या पक्वान्नाचे नाव तिरामिसू. मोबाइलवरच्या चित्रफितींमुळे आता आपल्या वेळापूरच्या मुलांनाही ते ठाऊक झाले आहे. कडू कॉफीत भिजवलेल्या बिस्किटांचा एक थर, त्यावर दाट मलईसारख्या मिश्रणाचा एक थर, पुन्हा तसेच दोन थर आणि सर्वांत वर कोकोची पूड, अशी त्याची रचना असते. बिस्किटे तेवढी आधी भाजलेली असतात. बाकी सारे भट्टीत न घालता, केवळ थंड करून तयार होते. 'तिरामिसू' या शब्दाचा अर्थ 'मला वर उचल', म्हणजेच 'मला तरतरी दे' असा आहे. पदार्थ फारसा जुना नाही. इटलीतील त्रेव्हिसो शहराच्या 'ले बेक्केरिये' नावाच्या उपाहारगृहाला १९७० च्या सुमारास त्याचे श्रेय दिले जाते. शेजारचा फ्रिउली प्रांतही त्यावर आपला हक्क सांगतो. श्रीखंडाच्या वयापुढे हे पक्वान्न म्हणजे अगदी तान्हे बाळच!

त्याच्या मूळ कृतीत अंड्याचा पिवळा बलक साखरेबरोबर फेटतात आणि मास्कारपोने नावाच्या मऊ, मलईदार चीजमध्ये मिसळतात. अनेक ठिकाणी अंड्याचा पांढरा भागही फेस येईपर्यंत फेटून त्यात घालतात. पुढे हे मिश्रण तापवले जात नाही. म्हणजे खाणाऱ्याच्या पोटात अंडे कच्चेच जाते.

प्रश्न एक नाही, दोन आहेत

येथे आपण क्षणभर थांबू. 'कच्चे अंडे नको' आणि 'अंडेच नको' ही दोन निराळी वाक्ये आहेत. पहिले वाक्य आरोग्याचे आहे. त्याची तपासणी प्रयोगशाळेत होऊ शकते. दुसरे वाक्य घरच्या रीतीचे, श्रद्धेचे किंवा आवडीचे आहे. त्याबद्दल विज्ञानाला काही म्हणायचे नाही. ज्याने त्याने ते ठरवावे. मात्र एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला चिकटवले की घोटाळा होतो.

याचे उत्तम उदाहरण तिरामिसूमध्येच आहे. त्यातली बोटाएवढी लांबट बिस्किटे, ज्यांना इटलीत साव्होयार्दी म्हणतात, ती अंडे फेटूनच करतात. ती भट्टीत चांगली भाजलेली असतात. त्यामुळे कच्च्या अंड्याचा धोका त्यांत नाही. पण ती बिनअंड्याचीही नाहीत. आता कोणी वरचे मिश्रण अंड्यावाचून केले आणि खाली ही आयात बिस्किटे घातली, तर तो पदार्थ पहिल्या प्रश्नात उत्तीर्ण होतो आणि दुसऱ्या प्रश्नात नापास. उलट, ज्यांच्या घरी अंडे चालते त्यांनी बलक आणि साखर उकळत्या पाण्याच्या वाफेवर ठेवून, सतत हलवत, ७१ अंश सेल्सिअसच्या वर तापवली, तर पदार्थात अंडे असूनही ते कच्चे राहत नाही. पुडीवरचे हिरवे किंवा तपकिरी चिन्ह दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तापमापी देते.

कच्च्या अंड्यात बिघडते काय?

साल्मोनेला नावाचे जंतू तुम्ही जीवशास्त्राच्या पुस्तकात वाचले असतील. अमेरिकेतील पशुवैद्य डॅनियल साल्मन यांच्या नावावरून त्यांना हे नाव मिळाले. त्यांचे सहकारी थिओबाल्ड स्मिथ यांनी १८८५ साली या गटातील जंतू प्रथम वेगळे काढले. या जंतूंचा एक प्रकार कोंबडीच्या अंडाशयातच शिरतो आणि कवच तयार होण्यापूर्वीच अंड्याच्या आत पोहोचतो. असे अंडे बाहेरून स्वच्छ दिसते. ते धुऊन काही उपयोग नसतो. प्रत्येक अंड्यात हे जंतू असतात असे मुळीच नाही. बहुसंख्य अंड्यांत ते नसतात. पण कोणत्या अंड्यात आहेत हे पाहून सांगता येत नाही, आणि दहा अंडी एकत्र फेटली की एकातले जंतू दहांत जातात. जुलाब, ताप, पोटात कळा ही त्यांची लक्षणे. धडधाकट माणूस काही दिवसांत बरा होतो; परंतु लहान मुले, वृद्ध आणि गरोदर स्त्रिया यांना हा आजार जड जाऊ शकतो.

ही भीती कागदावरची नाही. डिसेंबर १९८८ मध्ये ब्रिटनमध्ये या प्रश्नावरून एवढा गदारोळ झाला की, देशातील बहुतेक अंडी-उत्पादनाला साल्मोनेलाची लागण झाली आहे असे विधान करणाऱ्या एडविना करी या कनिष्ठ मंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. पुढे तेथे कोंबड्यांना लस टोचण्याची मोहीम झाली, आणि २०१७ मध्ये तेथील अन्न खात्याने खूण केलेली अंडी अर्धकच्ची खाण्यास मुले व वृद्ध यांनाही मोकळीक दिली. आपल्याकडे काय घडले? कच्च्या अंड्याच्या मेयोनेजवर केरळने जानेवारी २०२३ मध्ये, शेजारच्या तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये बंदी घातली. शेवटच्या दोन्ही बंद्या त्या वेळी एकेका वर्षासाठी होत्या. मेयोनेज म्हणजे कच्च्या बलकात तेल घोटून केलेली चटणी. तिरामिसूचा प्रश्न नेमका तोच आहे.

काही जण म्हणतात, 'कॉफी गरम असते, तिनेच जंतू मरतील.' हे विधान आपण दहावीच्या गणिताने तपासू. ३० अंशांवरचे ५० ग्रॅम अंडे आणि ८० अंशांवरची ५० ग्रॅम कॉफी एकत्र केली असे समजा. दोन्हींची विशिष्ट उष्णता जवळजवळ सारखी मानली, तर उष्णता विनिमयाच्या तत्त्वाप्रमाणे मिश्रणाचे तापमान सुमारे ५५ अंश येईल, आणि ते लगेच उतरू लागेल. ७१ अंश तर दूरच! शिवाय तिरामिसूत कॉफी बिस्किटांत जाते, अंड्याच्या मिश्रणात जात नाही. म्हणजे हा युक्तिवाद दोन्ही बाजूंनी फसतो.

अंडे काय काम करते?

आता दुसरा मुद्दा. अंडे नुसते काढून टाकले, तर उरलेले मिश्रण एकतर जड लागते किंवा पातळ होऊन वाहू लागते. कारण अंडे तेथे नोकरीवर होते, आणि आपण त्याच्या जागी कोणालाच नेमले नाही.

अंड्याच्या पिवळ्या बलकात सुमारे निम्मे पाणी, चौथ्या हिश्श्याहून थोडा जास्त स्निग्धांश आणि साधारण सहावा हिस्सा प्रथिने असतात. शिवाय त्यात लेसिथिन नावाचा पदार्थ असतो. त्याच्या रेणूचे एक टोक पाण्याशी आणि दुसरे टोक तेलाशी सलगी करते. त्यामुळे स्निग्ध कण पाण्यात विखुरलेले राहतात, वेगळे होऊन तरंगत नाहीत. अशा मिश्रणाला पायस म्हणतात. (खीर या अर्थाचा पायस शब्द वेगळा!) पांढऱ्या भागात जवळजवळ नव्वद टक्के पाणी आणि दहा टक्के प्रथिने असतात. तो फेटला की प्रथिनांचे रेणू उलगडतात आणि हवेच्या बुडबुड्यांभोवती पातळ पडदा तयार करतात. पिवळा बलक दाटपणा आणतो, पांढरा भाग हलकेपणा.

म्हणजे आपल्याला तीन जागा भरायच्या आहेत: दाटपणा देणारा, स्निग्ध कण व पाणी यांना एकत्र ठेवणारा आणि हवा धरून ठेवणारा. यासाठी उमेदवार शोधायला इटलीला जायला नको. आपल्या घरी दही आहे, साय आहे आणि फडके आहे.

चक्का मदतीला येतो

दुधातील प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के प्रथिन केसीन असते. विरजणातील जंतू दुधातील शर्करेचे आम्ल बनवतात. आम्लता पुरेशी वाढली की केसीनचे कण एकमेकांना चिकटून त्यांचे जाळे तयार होते आणि पाणी त्या जाळ्यात अडकते. हेच आपले दही. ते फडक्यात बांधून टांगले की गुरुत्वाकर्षणाने जाळे दबते, आंबट पाणी ठिबकून जाते आणि दाट चक्का उरतो. केसीन स्वतः स्निग्ध कणांना पाण्यात धरून ठेवण्यात पटाईत आहे. म्हणजे पहिल्या दोन जागा चक्क्याने भरल्या.

इटालियन मास्कारपोनेही याच घराण्यातला आहे. तेथे मलई ८५ ते ९० अंशांपर्यंत तापवून तीत सायट्रिक किंवा टार्टारिक आम्ल घालतात आणि साकळलेला भाग फडक्यातून गाळतात. सायट्रिक आम्ल लिंबात असते, टार्टारिक आम्ल आपल्या चिंचेत. वासराच्या जठरातून काढलेले रेनेट काही चीजमध्ये वापरतात. मास्कारपोनेला ते लागत नाही. फरक आहे तो स्निग्धांशाचा. मास्कारपोनेमध्ये तो सुमारे ४० टक्के किंवा त्याहून अधिक असतो. आपल्या चक्क्यात किती? हिशेब करू.

एक लिटर म्हशीच्या दुधात सात टक्के स्निग्धांश धरला, तर तो सुमारे ७० ग्रॅम झाला. त्या दुधाच्या दह्याचा चक्का ३५० ग्रॅम भरला असे समजा. स्निग्धांश जवळजवळ सगळा फडक्यातच राहतो. म्हणजे ३५० ग्रॅममध्ये ७० ग्रॅम, अर्थात २० टक्के. आता त्यात ३५ टक्के स्निग्धांशाची २०० ग्रॅम मलई मिसळली, तर आणखी ७० ग्रॅमची भर पडली. एकूण ५५० ग्रॅममध्ये १४० ग्रॅम, म्हणजे २५ टक्क्यांच्या वर. मास्कारपोनेइतके नाही, पण जिभेला तलम लागण्यास पुरेसे आहे. तुमचा चक्का ३५० ग्रॅम भरला नाही, तर आकडे बदलतील. ते बदलून पुन्हा हिशेब करा. विज्ञानात असे करणे हाच अभ्यास आहे.

मलई आणि लोणी यांतील अंतर

तिसरी जागा हवा धरणाऱ्याची. ती मलई भरते. थंड मलई फेटली की तिच्यातील स्निग्ध कण एकमेकांना अर्धवट चिकटतात आणि हवेच्या बुडबुड्यांभोवती कडे करून उभे राहतात. मलईचा आकार जवळजवळ दुप्पट होतो. आता नीट आठवा: विरजलेल्या सायीत आई किंवा आजी रवी फिरवते, तेव्हा काय होते? आधी मिश्रण फुगते, दाट होते. मग एकदम लोण्याचे गोळे आणि ताक वेगळे होतात. फुललेली मलई आणि लोणी हे एकाच वाटेवरचे दोन मुक्काम आहेत. पहिल्या मुक्कामावर थांबता आले पाहिजे, एवढेच.

त्यासाठी दोन अटी आहेत. मलईत ३० ते ३५ टक्के स्निग्धांश हवा. दुकानात साध्या पुड्यांतून मिळणाऱ्या २५ टक्क्यांच्या मलईने हे काम नीट होत नाही. दुसरी अट थंडपणाची. दुधातील स्निग्धांश एका ठरावीक तापमानाला वितळत नाही. तो टप्प्याटप्प्याने मऊ होत जातो आणि ४० अंशांच्या आसपास पूर्ण वितळतो. आपल्याकडे वैशाखात दुपारी पारा चाळिशी ओलांडतो. अशा वेळी भांड्यातले स्निग्ध कण बुडबुड्यांभोवती उभे राहतील कसे? म्हणून मलई, भांडे आणि रवी तिन्ही थंड करावीत आणि भांडे बर्फात ठेवून फेटावे. केकच्या साहित्याच्या दुकानात मिळणारी काही 'व्हिपिंग क्रीम' वनस्पती तेलाची असतात. ती उन्हात जास्त तग धरतात, पण ती दुधाची मलई नाही. पुडीवरचा मजकूर वाचूनच घ्या.

मलई मिळाली नाही तरी हिरमुसू नका. चक्का पिठीसाखरेबरोबर पुरणयंत्रातून काढा. तो गुळगुळीत होईल. हलका होणार नाही, पण पदार्थ खाण्याजोगा नक्कीच होईल. साखर घातल्यावर चक्का थोडा सैल पडतो, कारण साखर पाण्यात विरघळून द्रवाचा भाग वाढवते. श्रीखंड करणाऱ्या प्रत्येक गृहिणीला हे ठाऊक असते. म्हणून चक्का आधीच चांगला घट्ट बांधावा.

बिस्किट किती वेळ बुडवावे?

आता खालचा थर. साव्होयार्दीऐवजी आपल्या बेकरीतला साधा टोस्ट घ्या. तो सच्छिद्र असतो आणि त्याच्या बारीक नळ्यांतून कॉफी केशाकर्षणाने वर चढते. द्रवाने कापलेले अंतर वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, असे एडवर्ड वॉशबर्न यांनी १९२१ साली दाखवले. म्हणजे दुप्पट खोल भिजण्यास चौपट वेळ लागतो. ब्रिस्टल विद्यापीठातील लेन फिशर यांनी हेच सूत्र चहात बुडवलेल्या बिस्किटाला लावले आणि त्याबद्दल १९९९ साली त्यांना इग नोबेल हे गमतीचे, पण विचार करायला लावणारे पारितोषिक मिळाले.

तुम्हीही हे मोजू शकता. पाच टोस्ट एकत्र तोला. मग प्रत्येक टोस्ट एक सेकंद बुडवून पुन्हा पाचही तोला. दुसऱ्या पाचांना चार सेकंद द्या, तिसऱ्या पाचांना नऊ सेकंद. शोषलेल्या कॉफीचे वजन वेळेच्या वर्गमुळाशी जुळते का, ते आलेखावर पाहा. एकच टोस्ट का तोलू नये? कारण स्वयंपाकघरातील काटा एक ग्रॅमपर्यंतच अचूक असतो. पाच टोस्ट एकदम तोलल्याने प्रत्येकामागची चूक पाचव्या हिश्श्यावर येते. आणि कॉफी निवलेली घ्या. ८० अंशांवर पाण्याची श्यानता, म्हणजे दाटपणा, २० अंशांवरच्या सुमारे एक तृतीयांश असते. त्यामुळे गरम कॉफी झपाट्याने आत शिरते आणि टोस्टचा लगदा करते.

कॉफीसाठीही परदेशाकडे पाहायला नको. आपल्या अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्याच्या डोंगरावर कॉफी पिकते. लहान भावंडांसाठी मात्र कॉफीऐवजी कोकोचे पाणी वापरा.

एक कृती, कारणांसह

सहा ते आठ जणांसाठी प्रमाण असे: एक लिटर उकळून विरजलेल्या म्हशीच्या दुधाचा चक्का, २०० मिलिलिटर थंड मलई, १०० ग्रॅम पिठीसाखर, दोन चहाचे चमचे झटपट कॉफी, २०० मिलिलिटर पाणी, वीसेक टोस्ट आणि एक मोठा चमचा बिनसाखरेची कोको पूड. टोस्टच्या पुडीवर हिरवे चिन्ह आहे ना, ते पाहा.

दही टांगायचे ते रात्रभर ओट्यावर नको. चाळणीत फडके पसरून, खाली भांडे ठेवून, झाकून, शीतकपाटातच ठेवा. वेळ जास्त लागेल, पण चक्का आंबट होणार नाही. चक्का आणि साखर एकजीव करा. मलई वेगळी फेटा. रवी उचलल्यावर तिचे टोक उभे राहिले की थांबा. ती चक्क्यात हलक्या हाताने, खालून वर उलटत मिसळा, नाहीतर कमावलेली हवा निघून जाईल. कॉफी उकळत्या पाण्यात करून निववा. टोस्ट बुडवून डब्यात मांडा, वर मिश्रण पसरा, पुन्हा टोस्ट, पुन्हा मिश्रण. झाकण लावून किमान सहा तास शीतकपाटात ठेवा. एवढा वेळ का? टोस्टमधला ओलावा सगळीकडे सारखा पसरायचा असतो, आणि विसरणाला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. थर दुप्पट जाड केलात, तर चौपट वाट पाहावी लागेल. कोको वाढायच्या वेळी भुरभुरा, म्हणजे तो ओला होणार नाही.

बिनअंड्याचे म्हणजे निर्धोक नव्हे

आता मूळ मुद्द्याकडे येतो. अंडे गेले, पण दूध आले, हात आले, भांडी आली आणि आपला उन्हाळा तर आहेच. माणसाच्या नाकात, त्वचेवर आणि पिकलेल्या फोडात स्टॅफिलोकॉकस जातीचे जंतू असतात. ते दुधाच्या मिठाईत वाढले तर असे विष तयार करतात की, नंतर पदार्थ उकळला तरी ते विष नष्ट होत नाही. दह्याच्या आंबटपणाने जंतूंना थोडा पायबंद बसतो हे खरे. परंतु आपण गोडी मलई घालून तो आंबटपणा कमी करतो.

एखाद्या पदार्थात शंभर जंतू आहेत आणि उबदार हवेत ते दर अर्ध्या तासाला दुप्पट होतात असे समजा. सहा तासांत बारा वेळा दुप्पट, म्हणजे ४,०९६ पट. शंभराचे चार लाखांवर जातात! पाच अंशांच्या खाली बहुतेक रोगजंतूंची ही वाढ जवळजवळ थांबते. माठाचा येथे उपयोग नाही. बाष्पीभवनाने माठ आपल्या कोरड्या उन्हाळ्यात पाणी फार तर विशीच्या घरात आणतो, पाच अंशांवर नेऊ शकत नाही. म्हणून सर्वत्र मानला जाणारा नियम लक्षात ठेवा: असा पदार्थ शीतकपाटाबाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको, आणि हवा ३२ अंशांहून तापलेली असेल तर एका तासापेक्षा जास्त नको. वीज गेली तर दार उघडू नका. बराच वेळ वीज आली नाही तर पदार्थ टाकून द्या. हळहळ वाटली तरी द्या.

आषाढात माउलींच्या पालखीचा मुक्काम आपल्या वेळापुरात असतो. गावात लाखो वारकरी येतात. त्यांच्या पंगतीतले अन्न शाकाहारीच असते. म्हणून कोणी पाण्यात क्लोरीन टाकायचे थांबवते का? आरोग्य खात्याची माणसे विहिरी आणि टँकर तपासतात, कारण जंतू अन्नाची जात विचारत नाहीत. वारीच्या वेळी सगळ्या गावाला कळणारी ही गोष्ट केकच्या दुकानातील 'एगलेस' पाटीपुढे आपण विसरावी, हे काही बरोबर नाही.

त्याचबरोबर अंड्याविषयी नाहक धसकाही घेऊ नका. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम उत्तम प्रथिने असतात. ज्यांच्या घरी चालते त्यांनी ते पूर्ण शिजवून जरूर खावे. दोष अंड्याचा नाही. ते न शिजवता वापरण्याचा आहे.

शिक्षकांना एक विनंती

आपल्या शाळांतून विज्ञान प्रयोगशाळेत आणि स्वयंपाक घरी, अशी वाटणी झाली आहे. त्यातही स्वयंपाक मुलींकडे, अशी दुसरी वाटणी. दोन्ही वाटण्या नुकसानीच्या आहेत. उष्णता विनिमय, केशाकर्षण, विसरण, श्यानता, पायस, जंतूंची वाढ हे सारे एका डब्यात सापडते, आणि त्यासाठी तापमापी, काटा व घड्याळ यांपलीकडे काही लागत नाही. विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी तोच ज्वालामुखी मांडण्याऐवजी मुलामुलींच्या चारचारांच्या गटांना हा प्रयोग द्या. एका गटाने चक्क्याचे वजन मोजावे, दुसऱ्याने टोस्टचे, तिसऱ्याने मलई फेटण्यापूर्वीची आणि नंतरची घनता काढावी, चौथ्याने तापमानाची नोंद ठेवावी. हात साबणाने धुणे हीही प्रयोगाची पायरी समजावी आणि तिला गुण द्यावेत. ज्या शाळेत शीतकपाट नाही, तेथे मोजमापे करावीत आणि खाण्याचा भाग वगळावा.

आणि विद्यार्थी मित्रांनो, कोणी तुम्हाला 'अमुक वस्तू काढून टाकली आहे, आता काळजी नको,' असे सांगितले, तर दोन प्रश्न विचारायला कचरू नका. ती वस्तू तेथे काय करत होती? आणि तिच्या जागी जे आले, ते किती तापमानाला, किती वेळ ठेवले होते? उत्तर मिळाले तर प्रयोगवहीत लिहून ठेवा. नाही मिळाले, तर स्वतः मोजा.